दोन चौकटींमधली फट

पहिल्या चौकटीत जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी म्हातारी. दुसऱ्या चौकटीत जिन्याच्या तळाशी पडलेला तिचा चष्मा, एक काच तडकलेली. मधे बोटभर पांढरी फट. म्हातारी कशी पडली, ओरडली का, तिला कुणी ढकललं का, यातलं काहीच चित्रकारानं काढलेलं नाही. ते वाचणाऱ्यानं केलं, आणि ज्यानं त्यानं आपापल्या परीनं केलं. कुणाच्या म्हातारीचा पाय निसटला, कुणाच्या म्हातारीला मागून धक्का बसला.

आता याच दोन चौकटींचं अ‍ॅनिमेशन करायला घ्या. मधल्या चार सेकंदांत म्हातारीला खरोखर पडावं लागतं. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ९६ फ्रेम. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलं तरी ४८ चित्रं. त्या ४८ चित्रांनी फट बुजते आणि सगळ्यांच्या वाट्याला एकच म्हातारी येते.

आवडत्या कॉमिकवरची मालिका बघून झाली की चाहते आधी बदलांची यादी काढतात. अमुक प्रसंग गाळला, तमक्याचे केस निळे केले, शेवट फिरवला. यादी बहुधा बरोबर असते. पण त्यातली निम्मी कलमं चांगल्या जमलेल्या मालिकेत त्याच चाहत्याला खटकतही नाहीत. कॉमिक वाचताना वेळ, हालचाल आणि आवाज ही तीन खाती वाचकाकडे असतात. मालिका ती तिन्ही खाती त्याच्याकडून काढून घेते. घेतलेलं काम तिनं वाचकापेक्षा बरं केलं तर कुणी हिशेब मागत नाही, उरकलं तर मात्र यादी निघते. आणि ते का उरकलं जातं याची कारणं बरीचशी साध्या गुणाकार-भागाकारात सापडतात.

वेळेचं खातं सगळ्यात मोठं. कॉमिकच्या पानावर घड्याळ वाचकाच्या हातात असतं. हाणामारीचं पान तो तीन सेकंदांत उलटतो आणि एखाद्या रिकाम्या खोलीच्या चित्रावर मिनिटभर रेंगाळतो. चित्रकाराला हे ठाऊक असतं, म्हणून धक्का देणारं चित्र तो पान उलटल्यावर पहिलं दिसेल असं ठेवतो. पान उलटण्याचा तो क्षण हे त्याचं हत्यार आहे आणि पडद्यावर ते चालत नाही. तिथं त्याच्या जागी कट येतो, आणि कट दिग्दर्शकाच्या मर्जीनं होतो.

उडी मारता मारता लांबलचक विचार करणारा नायक हा कॉमिकमधला नेहमीचा प्रकार. कागदावर तो खपून जातो, कारण चित्र थांबलेलं असतं आणि मजकूर डोळ्यांनी भर्रकन वाचून होतो. त्याच्या विचारांच्या फुग्यात ६० शब्द आहेत असं धरा. मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगानं कलाकारानं ते बोलायचे म्हटले तर २४ सेकंद लागतात. चोवीस सेकंद हवेत कोण राहतो? मग पार्श्वभूमीवर वेगाच्या रेघा सरकत ठेवायच्या, चेहऱ्याचं एकच चित्र हळूहळू मोठं करत न्यायचं, नाहीतर ते वाक्यच गाळायचं. गाळलं तर पुढच्या खेळीमागची अक्कल कुणाला कळत नाही. ठेवलं तर सामना रखडतो. दोन्हीकडून शिव्या ठरलेल्या.

वाक्याकडून भागाकडे आलो की आकडे आणखी बोलके होतात. जपानी कॉमिक-साप्ताहिकात एका कथेला आठवड्याला साधारण १९-२० पानं मिळतात आणि सुट्ट्या वगळता वर्षाला पन्नासच्या आत प्रकरणं होतात. टीव्हीवरचा अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वगळून सुमारे २४ मिनिटांचा. त्यातली दीड मिनिटं सुरुवातीच्या गाण्याची, दीड शेवटच्या गाण्याची, थोडी पुढच्या भागाच्या झलकेची. गोष्टीला उरतात वीसेक मिनिटं. एवढ्यात दोन ते तीन प्रकरणं आरामात संपतात. आता मालिका वर्षभर दर आठवड्याला चालली तर ५२ भाग गुणिले अडीच, म्हणजे १३० प्रकरणं खर्ची पडली, आणि चित्रकारानं त्याच वर्षात काढली पन्नासच्या आत. आमदनी अठ्ठन्नी आणि खर्चा रुपय्या. मालिका कॉमिकला गाठणार हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलेलं असतं.

गाठल्यावर वाटा तीन. पहिली, मूळ कथेत नसलेले भाग घुसडणं, ज्याला चाहते फिलर म्हणतात. ‘नारुतो’ची पहिली मालिका २२० भागांची, आणि त्यातले शेवटचे ८०हून अधिक भाग जवळजवळ सगळेच फिलर. दुसरी वाट पाणी घालण्याची. मागच्या भागाची उजळणी चार मिनिटं, प्रत्येक फटक्यानंतर आजूबाजूच्या पाच जणांचे वासलेले चेहरे, एकमेकांकडे बघत उभं राहणं. ‘ड्रॅगन बॉल झी’मध्ये ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं सांगितल्यावर तो फुटायला कित्येक भाग जातात, हा विनोद आता त्या मालिकेइतकाच जुना झाला आहे. गंमत म्हणजे हे पाणी किती होतं ते निर्मात्यांनीच नंतर मोजून दाखवलं. २००९मध्ये हीच मालिका फिलर काढून ‘काई’ नावानं पुन्हा बांधली, तेव्हा मूळ १९४ भागांची गोष्ट शंभराच्या आत बसली.

तिसरी वाट स्वतःचा शेवट लिहिण्याची, आणि या वाटेबद्दल चाहते थोडे अन्याय करतात असं माझं मत आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची २००३ची मालिका आली तेव्हा कॉमिक अर्ध्यावरही नव्हतं. लेखकांनी ५१ भागांत स्वतःची वेगळी गोष्ट रचली आणि ती पूर्ण केली. २००९मध्ये मुळाबरहुकूम दुसरी मालिका सुरू झाली, ६४ भागांची. कॉमिकचा शेवट जून २०१०मध्ये आला आणि मालिकेचा जुलैमध्ये. दुसरी अधिक प्रामाणिक आहे यात वाद नाही. पण सुरुवातीचे काही प्रसंग तिनं घाईघाईनं आवरले, कारण ते आधीच्या मालिकेत लोकांनी पाहिलेले होते. त्याच प्रसंगांत पहिली मालिका जास्त वेळ थांबते, आणि तिथं ती जास्त बोचते.

हल्ली वर्षभर सलग चालणाऱ्या मालिका कमी झाल्या आणि १२-१३ भागांचे हंगाम आले. त्यामुळे फिलरचा रोग हटला आणि त्याच्या उलटा जडला. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ हे कॉमिक १८१ प्रकरणांचं. २०१९च्या पहिल्या हंगामानं १२ भागांत ३७ प्रकरणं घेतली, म्हणजे भागाला तीन. त्यातल्या अनाथ मुलांच्या मनातले पळून जाण्याचे डावपेच कागदावर फुग्यांमधून वाचायला मिळतात, ते मालिकेनं जवळजवळ सगळे काढून टाकले. त्याऐवजी लांबलचक ओसाड कॉरिडॉर, दाराआडून डोकावणारा कॅमेरा आणि घड्याळाची टिकटिक वापरली. काहीतरी घेतलं आणि त्या बदल्यात काहीतरी दिलं. मग २०२१चा दुसरा हंगाम आला. ११ भागांत उरलेल्या १४४ प्रकरणांची गोष्ट संपवायची होती. भागाला तेरा! हे जमणारच नव्हतं, म्हणून चाहत्यांना सगळ्यात प्रिय असलेला गोल्डी पाँडचा आख्खा टप्पा वगळला, आणि शेवटी कित्येक मोठ्या घटना स्थिर चित्रांच्या मालिकेत, गाण्याच्या सुरावर, लग्नाचा अल्बम दाखवावा तशा दाखवून टाकल्या.

कात्री चालते तेव्हा आधी काय कापलं जातं ते बघण्यासारखं आहे. मारामाऱ्या कापत नाहीत, जाहिरातीत त्याच दाखवायच्या असतात. कापले जातात जेवणाचे, वाट बघण्याचे, दोन पात्रं उगाच बोलत बसल्याचे प्रसंग. पटकथेच्या तक्त्यात त्यांच्यापुढे ‘घटना काही नाही’ असं दिसतं. पुढे दहा भागांनी त्यातलं एक पात्र दुसऱ्यासाठी मरतं आणि कॉमिक न वाचलेला प्रेक्षक विचारतो, याला एवढं काय झालं? रडू येण्याची पूर्वतयारी त्या उगाच बोलण्यातच झालेली असते.

लहान कॉमिक ताणलं की तेही फाटतं, पण त्याकडे शेवटी येऊ.

आता हालचाल, आणि तिच्यासाठी आधी रेघ. अशी कल्पना करा की एका योद्ध्याच्या चिलखतावर चित्रकारानं दहा जास्तीच्या रेघा काढल्या. कागदावर ते दोन मिनिटांचं काम. टीव्हीच्या एका भागाला साधारण तीन ते पाच हजार चित्रं लागतात. त्यातल्या हजारभर चित्रांत तो योद्धा असेल तर दहा हजार जास्तीच्या रेघा, आणि चिलखत वळेल तशी प्रत्येक रेघ आपल्या जागी वळली पाहिजे. नाही वळली तर अंगावर मुंग्या चालल्यासारखी दिसते. म्हणून मालिकेसाठी पात्रांचं नवं रेखाटन करतात आणि त्यात रेघा कमी करणं हे पहिलं काम असतं. केसांच्या तीस बटांच्या सात होतात, कपड्यांच्या घड्या निम्म्या होतात, तिरप्या-उभ्या रेघांनी भरलेली सावली सपाट रंगाचा एक तुकडा बनते.

बहुतेक कॉमिकांना हे सोसतं. ज्यांचा जीवच रेघेत आहे त्यांना सोसत नाही. केंतारो मिउराच्या ‘बर्सर्क’मध्ये अंधार म्हणजे हजारो बारीक छेदरेघा. ते पान वाचायचं नसतं, त्यावर बोट फिरवावंसं वाटतं. २०१६च्या मालिकेनं हा प्रश्न त्रिमितीय संगणकी आकृत्यांनी सोडवायचा प्रयत्न केला. कल्पना वेडगळ नव्हती. आकृती एकदा बांधली की रेघा कितीही असोत, पुन्हा काढाव्या लागत नाहीत. पण आकृतीवर चिकटवलेल्या छेदरेघा आकृतीबरोबर घसरतात, चिलखताला वजन वाटत नाही, आणि कॅमेरा कुठंही नेता येतो म्हणून तो सगळीकडे नेला गेला. मिउराची पानं भव्य दिसतात कारण त्यांतला कॅमेरा जमिनीवर घट्ट रोवलेला असतो.

जुंजी इतोच्या ‘उझुमाकी’ची हळहळ वेगळी. ती चार भागांची मालिका २०१९मध्ये जाहीर झाली आणि २०२४मध्ये आली. रंग अजिबात न वापरता, इतोच्या शाईच्या रेघा शक्य तितक्या तशाच ठेवून केलेली. पहिला भाग बघून लोकांना वाटलं, जमतं की हे! दुसऱ्या भागापासून दर्जा उघड्या डोळ्यांना दिसेल इतका घसरला. असं काम एका भागापुरतं जमणं आणि चारही भाग पेलणं यात केवढं अंतर आहे ते त्या दोन भागांच्या मधल्या आठवड्यात सगळ्यांना कळलं.

दर्जा घसरतो म्हणजे नेमकं काय होतं? कामाचा क्रम सरळ आहे. पटकथा, दृश्यांचा कच्चा चित्र-आराखडा म्हणजे स्टोरीबोर्ड, मांडणी, मुख्य चित्रं, त्यांच्यावर अ‍ॅनिमेशन डायरेक्टरच्या दुरुस्त्या, मधली चित्रं, रंग, आणि शेवटी पार्श्वभूमीसह सगळ्याची जुळणी म्हणजे कंपोझिटिंग. प्रक्षेपणाची तारीख हलत नाही. स्टोरीबोर्डाला दोन आठवडे उशीर झाला की ते दोन आठवडे पुढच्या टप्प्यांतून वसूल होतात, आणि पहिला बळी दुरुस्त्यांचा जातो. निरनिराळ्या हातांनी काढलेले चेहरे एकसारखे करण्याचं काम त्या दुरुस्त्यांनी होतं. त्या झाल्या नाहीत की एकाच भागात नायकाला तीन-चार वेगवेगळी नाकं दिसतात. यातलं बरंचसं नंतर डिस्कच्या आवृत्तीत पुन्हा काढून घेतात, पण पहिल्या रात्री बघणाऱ्याचं मत तोवर झालेलं असतं.

चूक कुठल्या टप्प्यावर झाली हे थोड्या सवयीनं ओळखता येतं. चेहरे जवळून ठीक आणि मध्यम अंतरावर वेडेवाकडे दिसत असतील तर दुरुस्तीला वेळ मिळाला नाही. चित्रं सुबक आहेत पण माणसं रांगेत उभी राहून नुसती बोलतात, कॉमिकमध्ये खालून दिसणारा राक्षस इथं डोळ्यांच्या रेषेत आला आहे, तर दोष स्टोरीबोर्डचा. तो पैशानं सुधारत नाही. चित्रं आणि चौकट दोन्ही चांगली असूनही सगळं धुरकट आणि चकाकणारं वाटत असेल तर कंपोझिटिंग करणाऱ्यानं हात सैल सोडला आहे. आणि फटका बसताना अंधूक, विचित्र काळवंडलेलं दिसलं तर कुणालाच शिव्या देऊ नका. १६ डिसेंबर १९९७ला ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या लखलखाटानं जपानमध्ये ६००हून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर झगमगाटावर मर्यादा आल्या, म्हणून टीव्हीवर असे प्रसंग काळवंडलेले दिसतात.

एक इशारा मात्र हवा. धावतं दृश्य थांबवून, ताणलेला चेहरा टिपून, ‘बघा काय अवस्था’ म्हणणं हा अडाणीपणा आहे. वेगवान हालचालीत एखाददोन चित्रं मुद्दाम ओढून-ताणून काढतात. ती थांबवून बघण्यासाठी नसतात, एका झटक्यात डोळ्यांखालून जाण्यासाठी असतात. ‘नारुतो’च्या पुढच्या मालिकेतल्या, ‘नारुतो शिप्पुदेन’च्या १६७व्या भागाची अशीच थट्टा झाली. तो भाग चालू ठेवून बघितला तर त्यातली हालचाल त्या मालिकेतल्या सगळ्यात जिवंत हालचालींपैकी आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. कृष्णधवल कॉमिकमध्ये नायकाच्या कोटाचा रंग वाचकानं ठरवलेला असतो आणि मालिका दुसराच ठरवते. हा राग दोन भागांत निवतो. ‘जोजो’च्या २०१२च्या मालिकेनं यावर झकास तोड काढली. मूळ चित्रकारच मुखपृष्ठांवर पात्रांचे रंग मनाला येतील तसे बदलतो, म्हणून मालिकेतही ऐन क्षणाला आकाश पिवळं आणि माणसं जांभळी होतात.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग कॉमिक जसंच्या तसं उतरवा, कटकट संपली. तसं केलेलं आहे. ‘वॉचमेन’च्या बारा अंकांची २००८मध्ये हलती आवृत्ती निघाली. तीच चित्रं, तेच शब्द, चित्रांचे तुकडे कापून थोडे हलवलेले, आणि स्त्रीपात्रांसकट सगळ्यांसाठी एकच पुरुष निवेदक. मूळ बहुतेक शाबूत. तरीही बघताना जांभया येतात. या कॉमिकचा पाचवा अंक आरशासारखा बांधलेला आहे. पहिलं पान शेवटच्या पानाशी जुळतं, दुसरं शेवटून दुसऱ्याशी, आणि मधोमध चौदाव्या-पंधराव्या पानांवर दोन्ही बाजू भेटतात. हे कळायला पानं मागेपुढे उलटावी लागतात. एकामागून एक दाखवलेल्या चित्रांत ती सममिती अक्षरशः असते आणि तरीही हाती लागत नाही.

उलट टोकाला ‘अ‍ॅस्टेरिक्स’ आहे. १९६७चा पहिला अ‍ॅनिमेशनपट गोसिनी आणि उदेरझो या मूळ जोडीला अंधारात ठेवून तयार झाला. तो बघून दोघांनी पुढचा, जो अर्धवट झाला होता, तो थांबवायला लावला, आणि १९६८चा क्लिओपात्रावरचा चित्रपट स्वतः लक्ष घालून केला. त्यात त्यांनी आपल्याच पुस्तकात नसलेली गाणी घातली. आपल्या गोष्टीत काय बदललेलं चालतं हे मूळ माणसाला नेमकं माहीत असतं. त्या मानानं चाहता जास्त सोवळा.

हाच अनुभव बास्केटबॉलवरच्या ‘स्लॅम डंक’नं दिला. १९९३ ते १९९६ची टीव्ही मालिका १०१ भागांवर थांबली आणि कॉमिकमधला शेवटचा, सगळ्यात मोठा सामना तिच्यात आलाच नाही. २०२२मध्ये चित्रकार ताकेहिको इनोउए यानं स्वतः दिग्दर्शन करून तो सामना पडद्यावर आणला. प्रदर्शनाच्या तोंडावर जुने आवाज बदलल्याचं जाहीर झालं आणि आगाऊ तिकिटं घेतलेले लोक खवळले. शिवाय यानं कॉमिकच्या नायकाला बाजूला सरकवून गोष्ट दुसऱ्याच खेळाडूच्या घरातून सांगितली. तरी तक्रारी फार टिकल्या नाहीत. कॉमिकमध्ये त्या सामन्याचे शेवटचे क्षण जवळजवळ निःशब्द आहेत, पानांमागून पानं फुगाच नाही. चित्रपटात त्या ठिकाणी आवाज काढून घेतला आहे. प्रेक्षागृहातल्या सगळ्यांचा श्वास ऐकू येईल इतका.

आवाज हे तिसरं खातं, आणि त्यात चूक झाली तर ती नंतर दुरुस्त होत नाही. बिल वॉटरसननं ‘कॅल्विन अँड हॉब्स’ला १९८५ ते १९९५ या दहा वर्षांत आणि नंतरही अ‍ॅनिमेशनची परवानगी दिली नाही. त्यातल्या हॉब्स या वाघाचा आवाज कसा असावा यावर दोन वाचकांचं एकमत होणं कठीण आहे. ‘पीनट्स’वाल्यांनी १९६५मध्ये यातून पळवाट काढली. कागदावर स्नूपी हा कुत्रा सतत विचार करतो, पडद्यावर त्यांनी त्याला बोलकं केलंच नाही. दिग्दर्शक बिल मेलेंडेझनं स्वतः तोंडानं काहीबाही आवाज काढले आणि ध्वनिफीत वेगानं फिरवली. तेच गुरगुरणं आणि खिदळणं पुढे कायम राहिलं.

आता ते ताणलेलं कॉमिक. ‘बॅटमॅन: द किलिंग जोक’ हे १९८८चं जेमतेम ४८ पानांचं पुस्तक. २०१६मध्ये त्याचा सव्वा तासाचा अ‍ॅनिमेशनपट करायचा तर मजकूर पुरत नाही, म्हणून सुरुवातीला सुमारे अर्ध्या तासाची बॅटगर्लची नवी गोष्ट जोडली, तीही तिचे आणि बॅटमॅनचे संबंध घडवून. राग बहुतेक तिथंच खर्च झाला आणि तो योग्यच होता.

शेवटच्या पानाची अडचण मात्र कितीही चांगल्या दिग्दर्शकाला चुकली नसती. पावसात बॅटमॅन आणि जोकर समोरासमोर उभे आहेत. जोकर एक विनोद सांगतो आणि दोघेही हसू लागतात. चित्र चौकटीगणिक खाली सरकतं, पायांकडे, डबक्याकडे. हसण्याची अक्षरं हवेत आहेत. त्यांत सायरन मिसळतो, मग दोन्ही थांबतात, आणि उरतात पाण्यावर पडणारे थेंब. बॅटमॅननं त्याला तिथं संपवलं की नाही यावर वाचक तीसहून अधिक वर्षं भांडताहेत, कारण कागदावरच्या ‘हा हा’ला गळा नसतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दोन माणसं दोन माइकसमोर उभी राहतात, आणि दोघांतलं आधी कुणी थांबायचं हे कुणीतरी सांगावं लागतं.